बायो मल्चिंग घ्यावं का? आधी ते शेवटी कुठे जाणार ते ठरवा

वरुड तालुक्यातल्या एका बचत गटाच्या ताईंनी विचारलं आहे. गटाकडे ठिबकवरची मिरची आहे, जानेवारीत टरबूज लावायचं आहे, शिवाय संत्रा आणि शेवग्याची छोटी रोपवाटिका आहे. दुकानात त्यांना मक्यापासून बनवलेला ‘बायो’ मल्चिंग पेपर, म्हणजे बेडवर अंथरायची पातळ प्लास्टिक फिल्म, दाखवला, भाव साध्या पेपरच्या अडीच पट. ‘काढायची गरज नाही, रोटाव्हेटर मारा, मातीत जिरतो,’ असं सांगितलं. तो घ्यावा का? आणि रोपांच्या पिशव्या, गावातल्या पंगतीचे कप-प्लेटा हेसुद्धा तसलेच घ्यावेत का?

ताई, निर्णय आधी सांगतो आणि कारणं मागून. टरबुजाला घ्या, पण एकाच वाफ्यापट्ट्यावर, आणि मी खाली सांगतो तो कागद दुकानदारानं दाखवला तरच. मिरचीला घेऊ नका. संत्र्याच्या पिशवीला नको, शेवग्याला चालेल, आणि कलमाचा डोळा, म्हणजे खुंटावर बसवलेली कळी, बांधायची पट्टी तशी मिळाली तर जरूर घ्या. कप-प्लेटांवर पैसे घालवू नका.

दुकानदारानं तुम्हाला दोन वेगळ्या गोष्टी एका दमात सांगितल्या. एक, पेपर मक्यापासून बनला. दुसरी, तो मातीत जिरतो. पहिलीवरून दुसरी सिद्ध होत नाही. ब्राझीलमधली ब्रास्केम ही कंपनी २०१० पासून उसाच्या इथेनॉलपासून पॉलिथिन बनवते. ते तेलापासून बनलेल्या पॉलिथिनसारखंच असतं, रेणू तोच, ताकद तीच. वावरात पडलं तर तेही तितकीच वर्षं पडून राहतं. उलट पीबीएटी नावाचं प्लास्टिक आजही बहुतेक ठिकाणी खनिज तेलापासूनच बनतं, पण मातीतले जिवाणू आणि बुरशी ते खाऊ शकतात. बाजारातल्या बऱ्याचशा चांगल्या जिरणाऱ्या मल्चिंगमध्ये हेच पीबीएटी असतं आणि त्यात स्टार्च किंवा पीएलए नावाचं दुसरं प्लास्टिक मिसळलेलं असतं. म्हणजे तुमच्या वावरासाठी जे कामाचं आहे ते अर्धंअधिक तेलाचंच असू शकतं, आणि जे शंभर टक्के उसाचं आहे ते तुमच्या मातीत जसंच्या तसं राहू शकतं.

असं का, तर जिवाणूला प्लास्टिकची लांब साखळी आधी तोडावी लागते. पीबीएटी, पीएलए यांच्या साखळीत ठरावीक अंतरावर एस्टर नावाचे जोड असतात, तिथे त्याची विकरं (एन्झाइम) काम करतात. तुकडे लहान झाले की तो ते आत घेतो आणि त्यातला कार्बन काही शरीर वाढवायला, काही कार्बन डायऑक्साइड म्हणून बाहेर. पॉलिथिनच्या साखळीत नुसता कार्बनला कार्बन जोडलेला, तिथे त्याला धरायला जागाच नाही. साखळीतला कार्बन उसातून आला की विहिरीतल्या तेलातून, हे जिवाणूला कळत नाही.

मग मक्या-उसापासून बनवण्याला अर्थच नाही का? आहे, पण तो हवेसाठी आहे. त्या झाडानं हवेतून घेतलेला कार्बन प्लास्टिकमध्ये अडकतो, जमिनीखालचा जुना कार्बन नव्यानं बाहेर येत नाही. कार्बन-१४ मोजून प्रयोगशाळेत कळतं की मालातला किती कार्बन झाडाचा आणि किती तेलाचा. मालावर नुसतं ‘बायो’ लिहिलं असेल तर हा आकडा विचारायला हरकत नाही. पण तुमचा प्रश्न वावरातल्या तुकड्यांचा आहे, आणि त्याचं उत्तर या आकड्यात नाही.

आता मातीत जिरण्याकडे येतो, कारण खरा घोळ इथे होतो. जिरतं म्हणजे कुठे, किती दिवसांत, किती ऊब आणि किती ओल असताना, हे सांगितल्याशिवाय त्या बोलण्याला किंमत नाही. पीएलएचं उदाहरण घ्या. मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल, त्यापासून पीएलए. साधारण ५५ ते ६० अंशांच्या खाली ते काचेसारखं घट्ट असतं आणि पाणी त्यात सहज शिरत नाही. मोठ्या कंपोस्ट कारखान्यात ढीग आठवडेच्या आठवडे ५८ अंशांच्या आसपास आणि ओला ठेवतात, तिथे ते काही महिन्यांत जातं. आपल्याकडे मे महिन्यात हवाच ४५-४६ अंश, काळ्या जमिनीचा वरचा थर त्याहून बराच तापतो, म्हणून कोणी म्हणेल विदर्भात तर लवकर जिरेल. नाही जिरत. उष्णता आहे तेव्हा ओल नाही, आणि ओल येते तेव्हा जमीन थंडावलेली असते. फेब्रुवारी ते मृगापर्यंत ठिबकची ओळ सोडली तर आपली माती सूक्ष्मजीवांच्या दृष्टीनं जवळजवळ झोपलेली असते. गावच्या उकिरड्याचंही तेच. पोटात दोन-चार दिवस वाफ निघते, मग तो निवतो. त्यातून पीएलएचा कप शेणखताबरोबर सरळ वावरात येतो.

म्हणून शिक्का बघायचा तर कोणता शिक्का, हे माहीत असलं पाहिजे. आपल्याकडे कंपोस्ट होणाऱ्या प्लास्टिकसाठी आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक आहे आणि त्यावर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. ते खरं असलं तरी ते कारखान्याच्या गरम ढिगाचं आहे: ५८ अंशांच्या आसपास, बारा आठवड्यांत तुकडे व्हावेत, सहा महिन्यांत ९० टक्के कार्बन जिवाणूंनी वापरावा. ढिगात जाणाऱ्या पिशवीसाठी ते ठीक. मल्चिंगसाठी ते अपुरं आहे, कारण मल्चिंग ढिगात जाणार नाही, तुमच्या वावरात राहणार. मातीत जिरणाऱ्या मल्चिंगसाठी वेगळी मानकं आहेत. युरोपचं ईएन १७०३३ हे २०१८ चं, आणि आयएसओ २३५१७ हे २०२१ चं. ईएन १७०३३ मध्ये अट अशी की साध्या मातीत, २० ते २८ अंशांच्या दरम्यान, दोन वर्षांच्या आत ९० टक्के कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन गेला पाहिजे. शिवाय जड धातू किती, गांडुळांवर आणि उगवणीवर परिणाम काय, हेही तपासलेलं असतं. दुकानदाराला याच नावाचा चाचणी अहवाल मागा. १७०८८ चा कागद दाखवून मल्चिंग विकत असेल तर नम्रपणे नाही म्हणा.

आणि एक माल असा आहे की त्याच्या वाटेलाच जाऊ नका. साध्या पॉलिथिनमध्ये लोह, मँगनीज किंवा कोबाल्टचे क्षार घालून ‘ऑक्सो’ नावानं विकतात. उन्हात तो पेपर फटाफट फाटतो, चुरा होतो, शेतकऱ्याला वाटतं जिरला. जिरलेला नसतो. साखळ्या तुटून लहान झालेल्या असतात, चुरा मातीत मिसळलेला असतो, आणि जो भाग मातीखाली दबला होता तो तर अख्खा निघतो. युरोपीय संघानं २०१९ च्या निर्देशानुसार असल्या मालावर बंदी घातली आहे. दिसेनासं होणं आणि जिवाणूंनी खाऊन संपवणं, यात जमिनीच्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हे सगळं कशासाठी, तर मल्चिंग हा असा माल आहे की तो पूर्ण परत गोळा होत नाही. हिशोब करून पाहा. पाच फुटांवर बेड, चार फुटी पेपर, तर एकराला साधारण २,७०० मीटर लागतो, म्हणजे ४०० मीटरचे पावणेसात बंडल. २५ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पेपरचं हे वजन सुमारे ७५ किलो होतं. काढताना फक्त पाच टक्के फाटून राहिला असं धरलं तरी पावणेचार किलो. ऐकायला थोडं वाटतं, पण पसरलं तर १,७०० चौरस फुटांहून जास्त फिल्म आहे, आणि तीही दर हंगामाला. आपल्या भारी जमिनीत उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तुकडे त्यात उतरतात, पहिल्या पावसानं भेग मिटते, आणि मग ते वखराला लागत नाहीत की वेचणाऱ्या बाईच्या हाती लागत नाहीत. चीनच्या शिनजियांगमध्ये कापसाला वर्षानुवर्षं आठ मायक्रॉनच्या आसपासची पातळ फिल्म वापरली. उत्पादन वाढलं, पाणी वाचलं, आणि फिल्म काढता आली नाही. चीनमध्ये मल्चिंगच्या पट्ट्यांत हेक्टरी ५० ते २६० किलो तुकडे मोजले गेले आहेत. शेवटी तिथे किमान जाडी दहा मायक्रॉन केली, ती पातळ फिल्म निदान उचलता यावी म्हणून. कापूस आपल्याकडेही आहे, म्हणून हे मी गावोगाव सांगतो.

मल्चिंग सोडा असं मी म्हणणार नाही. वरुड-मोर्शीत बोअर किती खोल गेले हे तुम्हाला मी सांगायला नको. तिथे बेडवरची वाफ अडवणारा पेपर हा चैनीचा विषय नाही. म्हणून प्रश्न एवढाच उरतो: परत उचलता येईल असा जाड घ्यायचा, की मातीत सोडता येईल असा खरा घ्यायचा.

टरबूज सत्तर-ऐंशी दिवसांत आटोपतं, वेल पेपरवर पसरतो, खालच्या पेपरला सावली मिळते. इथे जिरणारा पेपर पीक निघेपर्यंत टिकतो. आणि वेल गुंतलेला पेपर काढायचा म्हणजे मजुरी जास्त, फाटणंही जास्त. त्यामुळे दोन-तीन पट भावाचा काही भाग पेपर काढायच्या मजुरीत वसूल होतो. मिरचीचं तसं नाही. राजुरा बाजारला तुम्ही महिनोन्महिने तोडा नेता, झाड सहा-सात महिने उभं. जिरणारा पेपर आधी कुठे फाटतो हे लक्षात घ्या: बेडच्या कडेला, जिथे तो मातीत दाबलेला असतो. तिथे ओल आहे, माती आहे, जिवाणू आहेत. वरचा भाग धडधाकट दिसतो, पण कड सुटलेली असते. मग पावसाळ्याच्या वाऱ्यानं पेपर उलटतो, मिरचीच्या खोडावर आपटतो, आणि उघड्या बेडवर तण येतं. जो पेपर सात महिने शाबूत राहील तो त्यानंतर वर्षभरात जिरेलच, हे दोन्ही एकाच मालात मागणं जड आहे. मिरचीला ३० मायक्रॉनचा साधा पेपर घ्या आणि तो काढा. वीस मायक्रॉनचा स्वस्त पडतो, पण काढताना हातात चिंध्या येतात.

लव्हाळा या तणाचं वावर असेल तर दोन्हींवर विसंबू नका. त्याचा कोंब भाल्यासारखा पेपर फोडून वर येतो, आणि जिरणारा पातळ पेपर तर लवकरच.

टरबुजाला जिरणारा घेतलात तर तीन गोष्टी सांभाळा. बंडल मागच्या हंगामाचं नको. हा माल गोदामात पडून पडून कमजोर होतो. म्हणून लागेल तेव्हाच घ्या आणि सावलीत, कोरड्या जागी, उंदरांपासून दूर ठेवा. दुसरं, शेवटचा तोडा झाल्यावर नळ्या गुंडाळल्या की बेडला ठिबकची ओल आहे तेवढ्यातच रोटाव्हेटर मारा. एप्रिलमध्ये पेपर वर तसाच ठेवला तर तो वाळून उडतो, धुऱ्याला अडकतो, ढोरं चघळतात. मातीत दबलेले तुकडे उन्हाळाभर थांबतील, मृगाची ओल आली की त्यांचं काम सुरू होईल. तिसरं, खरिपाच्या डवरणीत काळे तुकडे वर दिसतील. घाबरू नका. दोन वर्षांची अट आहे, दोन महिन्यांची नाही. मात्र दुसऱ्या पावसाळ्यानंतरही तेवढेच दिसत असतील तर माल खोटा होता.

खोटा माल ओळखायला घरची एक परीक्षा आहे, आणि ती गटातल्या प्रत्येकीनं करावी असं मला मनापासून वाटतं. तीन तुकडे घ्या, वीतभर बाय वीतभर: एक नवा बायो पेपर, एक साधा मल्चिंग पेपर आणि एक मांजरपाट, कोरा, न रंगवलेला, शंभर टक्के सुती. प्रत्येक तुकडा कांद्याच्या जाळीदार पिशवीच्या कापलेल्या भागात चपटा ठेवून कडा शिवा, म्हणजे गांडूळ-मुळं आत जातील पण तुकडे विखुरणार नाहीत. बेडमध्ये ठिबकच्या ओळीला लागून चार ते सहा बोटं खोल गाडा, तारेची खूण वर काढा. महिन्या-महिन्यानं एक बाजू उकरून पाहा. मांजरपाट आधी काळपट डागाळतो, मग बोटानं दाबला की दमट कागदासारखा फाटतो, मग शिवण तेवढी उरते. तो तसा गेला याचा अर्थ तुमची माती जिवंत आहे आणि ओल पुरली. मग त्याच्या शेजारचा बायो पेपर पाहा. त्यावर खड्डे, पातळ झालेल्या जागा, बुरशीचे धागे दिसले पाहिजेत. तो साध्या पेपरसारखाच चकचकीत आणि ताणला तर तितकाच चिवट असेल, तर दुकानदाराकडे तो तुकडा घेऊन जा. आणि मांजरपाटच शाबूत असेल तर माती कोरडी होती, परीक्षा बाद, पावसाळ्यात पुन्हा करा. प्रयोगशाळेतही तुलनेला सेल्युलोजच ठेवतात, कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. ही परीक्षा नापास माल पकडते, पास झालेल्याला प्रमाणपत्र देत नाही. चुरा झाला की संपलं, हे डोळ्यांना कळत नाही, त्यासाठी बाहेर आलेला कार्बन डायऑक्साइडच मोजावा लागतो.

रोपवाटिकेचं थोडक्यात. संत्र्याचं कलम पिशवीत वर्षभर किंवा जास्त राहतं, आणि पिशवी सतत ओली. म्हणजे जिरायला लागणारं सगळं तिथे हजर, आणि पिशवी गाडीत चढवताना तळातून सुटणार. तिथे जाड पिशवी किंवा पुन्हा वापरता येणारे कप बरे. गिऱ्हाइकाला पिशवी परत आणायला सांगा, थोडी अनामत ठेवा. शेवगा, पपई दीड-दोन महिन्यांत जातात, तिथे जिरणारी पिशवी शोभते. तरी लावताना ती चिरून लावायला सांगा, नाहीतर मुळं आतल्या आत वळतात.

डोळा बांधायच्या पट्टीकडे मात्र माझं विशेष लक्ष आहे. शेंदूरजना घाटच्या पट्ट्यात एकेका रोपवाटिकेत हजारो डोळे बांधले जातात. बोटभर पट्टी, महिनाभरात सोडायची, आणि सोडली की ती तिथेच वाफ्यात पडते. ती कोणी वेचत नाही आणि वेचायला सांगणंही माणसाला शक्य नाही. लहान, असंख्य, मातीतच पडणारी आणि काम थोड्याच दिवसांचं: जिरण्याचा गुण खरा कामाला येतो तो अशाच वस्तूत. टोमॅटो बांधायच्या क्लिपा आणि सुतळी त्यातल्याच. अंबाडीची किंवा तागाची सुतळी असताना नायलॉनची आणूच नका.

उलट ठिबकच्या नळ्या, पीव्हीसी पाइप, ताडपत्री, क्रेट, शेडनेट, शेततळ्याचं ५०० मायक्रॉनचं अस्तर यांना जिरण्याशी देणंघेणं नको. टिकणं हाच त्यांचा गुण आहे. कोणी जिरणारी ठिबक नळी घेऊन आलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. यातलं काही उसाच्या पॉलिथिनचं मिळालं तर चांगलंच, पण ते टिकलं पाहिजे आणि शेवटी भंगारात जाऊन पुन्हा वितळलं पाहिजे. तिथेही एक काळजी. जिरणारं प्लास्टिक साध्या भंगारात मिसळलं तर पुढचा माल कमजोर होतो, म्हणून दोन्ही वेगळे ठेवा.

पंगतीच्या कप-प्लेटांचं: १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या प्लेटा, कप, ग्लास यांवर देशभर बंदी आहे, म्हणून बाजारात ‘बायो’ नावाचा पूर आला. पीएलएच्या साध्या कपात उकळता चहा ओतला की तो मऊ पडतो. कागदी कपाला बहुतेक वेळा आतून पॉलिथिनचा पातळ थर असतो. यातलं काहीही नीट कंपोस्ट करायला जो गरम ढीग लागतो तो तुमच्या गावात नाही. पळसाच्या पानाची पत्रावळ आहे, द्रोण आहे. पूर्व विदर्भातल्या कितीतरी बायांचा त्यावर रोजगार आहे. ती उकिरड्यात कोणत्याही प्रमाणपत्राशिवाय माती होते. चहाला ग्रामपंचायतीकडे स्टीलचे कप-ग्लास ठेवून भाड्यानं द्या. बाजाराच्या पन्नीबद्दल एकच: ‘कंपोस्टेबल’ पिशवी गाईनं खाल्ली तर ती पोटात विरघळेल, असं कोणतंही प्रमाणपत्र सांगत नाही. ती चाचणी ढिगाची आहे, कोठ्याची नाही. शिळं अन्न पिशवीत बांधून टाकू नका, मग पिशवी कशाचीही असो.

आता मिरचीचा साधा पेपर काढायचं. झाडं बुडाशी कापा, उपटू नका, उपटलं की पेपर फाटतो. आधी नळ्या काढा. कडेची माती कुदळीनं सैल करा, सकाळी गारव्यात दोघींनी दोन टोकांनी गुंडाळत या. पीक संपल्यावर पेपर उन्हात ठेवला तर तो ठिसूळ होतो, म्हणून त्याच आठवड्यात काढा. झटकून धुऱ्यावर वाळवा, कारण मातीसकट वजन दुप्पट-तिप्पट होतं आणि असला माल भंगारवाला घेत नाही. जाळू तर अजिबात नका, तो धूर वावरात काम करणाऱ्या तुमच्याच छातीत जातो. एका घराच्या पेपरसाठी कोणी गाडी पाठवत नाही. गटानं गावातल्या सगळ्यांचा पेपर एका जागी जमवायचं ठरवा आणि अमरावती-नागपूरच्या प्लास्टिक पुनर्वापरवाल्याशी किती मातीपर्यंत चालेल, काळ्या फिल्मला भाव काय, हे पेपर अंथरायच्या आधीच बोलून घ्या.